‘ग्राम निगेटिव्ह’ म्हणजे आपलं गाव नव्हे



दर महिन्याला गटांची दप्तरं तपासताना कर्जवाटपाच्या नोंदीतला ‘कारण’ हा रकाना मी हमखास वाचते. शेळी, शिलाई मशीन, पेरणी, पोरीची फी. आणि मधे मधे एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो : दवाखाना. शेळीचं कर्ज शेळीच फेडते. दवाखान्याचं कर्ज मात्र मजुरीतूनच फेडावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. यंदा एका गटाच्या दप्तरात अशी एक नोंद आहे की जिच्यात थोडा माझाही हात आहे. म्हणून हा लेख.

त्या गटातल्या एका मावशींच्या सासूबाई पावसाळ्यात अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याला ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. घरी सोडताना लघवीची नळी तशीच ठेवली होती, कारण आजींना उठून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा नळीची पिशवी खाटेखाली जमिनीवर पडलेली, शेजारून कोंबड्या फिरताहेत. मला काही ते बरं दिसेना. मी पिशवी उचलली, फडक्यानं पुसली आणि आजींच्या पायाशी खाटेवर नीट ठेवून दिली. मावशी म्हणाल्या, “बरं केलंस गं बाई.” मग ती तिथेच राहिली.

तिसऱ्या रात्री आजींना हुडहुडी भरून ताप आला. तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. सकाळी त्या असंबद्ध बोलायला लागल्या, पोटच्या मुलाला ओळखेनात. घरात कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावा. त्यात दुपार गेली. मग गाडी करून तालुक्याला. गटानं संध्याकाळी तातडीची बैठक बोलावून वीस हजार रुपये दिले, तीच ही नोंद.

तीन दिवसांनी लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला. मावशींनी फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन. “ताई, ग्रामपंचायत ठाऊक आहे, ग्रामसंघ ठाऊक आहे. हे ग्राम निगेटिव्ह काय आहे? आपल्या गावाचं पाणी वाईट आहे असं लिहिलंय का?”

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की मलाही नीट सांगता येत नाहीये. मी समाजकार्य शिकले आहे, जंतूंचं शास्त्र नाही. म्हणून रिपोर्ट घेऊन मी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमकडे आणि प्रयोगशाळेतल्या दादांकडे गेले, दोन-तीनदा जाऊन बसले. जे समजलं ते तुम्हाला सांगते.

‘ग्राम’ हे गावाचं नाव नाही, माणसाचं आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाचे एक डॅनिश डॉक्टर होते. १८८४ साली ते बर्लिनमध्ये काम करत असताना, न्यूमोनियानं गेलेल्या माणसांच्या फुप्फुसातले जंतू भिंगाखाली स्पष्ट दिसावेत म्हणून त्यांनी रंग देऊन पाहिले. रंग होता जांभळा. पूर्वी बाळाच्या तोंडात पांढरं आलं की जे जांभळं औषध लावायचे ना, जवळजवळ तोच. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुणं. तेव्हा गंमत अशी दिसली की काही जंतूंचा रंग टिकला आणि काहींचा धुऊन गेला. आपण नवी साडी पहिल्यांदा पाण्यात घातली की कळतं, रंग पक्का की कच्चा. तसंच. पक्क्या रंगाचे ते ग्राम पॉझिटिव्ह, रंग सोडणारे ते ग्राम निगेटिव्ह. पुढे या दुसऱ्यांना गुलाबी रंग द्यायची पद्धत आली, म्हणून ते आता भिंगाखाली गुलाबी दिसतात. आजही प्रयोगशाळेतले दादा हेच करतात, दहा मिनिटांचं काम आहे.

रंगाचा हा खेळ नुसता ओळखीपुरता नाही. रंग निघून जातो याचं कारण त्या जंतूच्या भिंतीत आहे. ग्राम पॉझिटिव्ह जंतूची भिंत जाड असते, पण एकच. ग्राम निगेटिव्हची भिंत पातळ, मात्र तिच्या बाहेरून आणखी एक पडदा असतो. घराला भिंत आहे आणि भिंतीबाहेर काटेरी कुंपणही आहे असं समजा. या कुंपणामुळे बरीचशी औषधं आत शिरतच नाहीत. शिवाय या बाहेरच्या पडद्यातच एक विषारी पदार्थ असतो. जंतू मेला, फुटला की तो रक्तात सुटतो. हुडहुडी, ताप, नाडी जलद, बीपी खाली जाणं हे त्यामुळे होतं. आजींचे दात वाजत होते ते थंडीमुळे नव्हे आणि बाहेरच्या बाधेमुळे तर नव्हेच.

आता मावशींचा पुढचा प्रश्न : “पण हा आला कुठून? आम्ही तर पाणी उकळून देत होतो.”

इथेच खरी गोम आहे. कॉलरा-टायफॉइडचे जंतू कसे, पोटात गेले की धडधाकट माणसालाही आजारी पाडतात. (तेही ग्राम निगेटिव्हच आहेत बरं का, पण त्यांची गोष्ट निराळी.) आजींच्या रिपोर्टमधला जंतू तसा नव्हता. त्याला संधिसाधू जंतू म्हणतात. तो आपल्या आसपास कायम असतो आणि एरवी काहीच करत नाही. कुंपण मोडलं की ढोरं शेतात शिरतात, त्यातली गत. ढोरं बाहेर रोजच चरत असतात, शेत रोज खाल्लं जात नाही.

ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे दोघं तर आपल्या आतड्यातच राहतात. तिथे आहेत तोवर तक्रार नाही. तिथून सरकून लघवीच्या मार्गात गेले की जळजळ, ताप. आजींच्या रिपोर्टवर नाव होतं सुडोमोनास. हा पाण्याचा शौकीन. नळाचं तोंड, मोरी, ओला स्पंज, बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी, कुठेही राहतो, अन् खायला जवळजवळ काही नसलं तरी वाढतो. भाजलेल्या जखमेतून हिरवट-निळसर पू आला आणि त्याला गोडसर वास असला तर डॉक्टरांना याचाच संशय येतो. असल्या हिरव्या पुवातूनच कार्ल गेसार्ड या फ्रेंच माणसानं १८८२ साली तो शोधून काढला होता. चौथा अ‍ॅसिनेटोबॅक्टर. दवाखान्यातल्या खाटेच्या दांडीवर, सलाईनच्या स्टँडवर, कोरड्या जागीसुद्धा तो कित्येक दिवस तग धरतो. दवाखान्यात भेटायला गेलो की आपण पहिल्यांदा तीच दांडी धरतो.

आणि संधी म्हणजे काय? कातडी फाटलेली किंवा भाजलेली. शरीरात घातलेली नळी. फार लहान बाळ, फार म्हातारं माणूस. साखरेचा आजार. कॅन्सरची औषधं चालू असणं. मोठं ऑपरेशन. आजींकडे यातल्या किती गोष्टी एकदम होत्या ते तुम्हीच मोजा.

नळीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आता घराघरात म्हातारी माणसं नळीसह घरी येतात आणि कागदावर गोळ्यांची नावं असतात, पण नळीचं कुणी सांगत नाही. आपला लघवीचा मार्ग जंतूंना वर चढू देत नाही, दर वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात. नळी घातली की ही धुलाई बंद. रांजण बरेच दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर नळीच्या आतून धरतो आणि जंतू त्या थरात लपून राहतात. वरून औषध दिलं तरी त्या थरात ते नीट पोचत नाही. नळी जितके दिवस आत, तितका धोका रोज वाढत जातो.

पिशवी लघवीच्या पिशवीपेक्षा, म्हणजे ओटीपोटापेक्षा, नेहमी खाली हवी. वर ठेवली की साठलेली लघवी नळीतून उलटी आत येते. मी खाटेवर ठेवली तेव्हा तेच झालं असणार. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, नळी होतीच, वयही होतं.” त्या माझं मन राखायला म्हणाल्या की काय, माहीत नाही. पण मी विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही, एवढं खरं. जमिनीवर ठेवणंही चूकच. पिशवी खाटेच्या पट्टीला तारेच्या आकड्यानं लटकवायची, खाली, पण जमिनीला न टेकता. नळीला पीळ किंवा ताण नको. पिशवी पूर्ण भरेपर्यंत थांबू नका. रिकामी करायच्या आधी साबणानं हात धुवा, नंतरही धुवा, आणि तिची तोटी भांड्याला टेकू देऊ नका. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही. नळीच्या आसपासची जागा रोज साबण-पाण्यानं स्वच्छ करायची, पावडर किंवा मलम मनानं लावायचं नाही. आणि सर्वांत मोठं काम तोंडाचं : दर भेटीला विचारायचं, “डॉक्टर, नळी कधी निघेल?” आजींची नळी मला वाटतं आठवडाभर आधीच निघाली असती, कुणी विचारलं असतं तर.

म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर ते जळजळ होते म्हणून सांगेलच असं नाही. एकदम जेवण सोडणं, गुंगीत राहणं, माणसं न ओळखणं हीच खूण असू शकते. अशा वेळी अंगाऱ्यात एक दुपारही घालवू नका. उलट, नळी असलेल्या माणसाच्या लघवीत नुसते जंतू सापडले, पण ताप नाही, काही त्रास नाही, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. गरोदर बाईचं मात्र वेगळं. तिच्या लघवीत जंतू सापडले तर त्रास नसला तरी उपचार करावाच लागतो, नाहीतर मूत्रपिंडापर्यंत जातं आणि दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याची भीती असते. म्हणून गरोदरपणातली लघवीची तपासणी चुकवू नका.

बायकांचं लघवीचं दुखणं इतकं का असतं, हेही विचारलं मी. आपला लघवीचा मार्ग आखूड असतो आणि गुदद्वाराच्या जवळ असतो, त्यामुळे ई. कोलायला लांब जावं लागत नाही. शौचानंतर धुताना हात पुढून मागे जावा, मागून पुढे नको. पण मला विचाराल तर निम्मं दुखणं लघवी दाबून ठेवल्यानं होतं. उसाच्या फडात आडोसा नाही, आठवडी बाजारात सोय नाही, कर्जाच्या कामाला गेलं की रांगेत चार तास, आणि तिथलं शौचालय कुलूपबंद. म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. आत साचलेली लघवी म्हणजे जंतूंना बांधलेलं तळं. यावर स्वच्छतेचे धडे बाईला देऊन भागणार नाही. शौचालयाचं कुलूप काढायची मागणी ग्रामसंघाच्या ठरावात यायला हवी, असं माझं मत आहे.

आता तान्ही बाळं. नवजात बाळाचं कुंपण अजून उभंच राहिलेलं नसतं, त्यातून वजन कमी असेल तर आणखीच. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास झाला. सापडलेल्या जंतूंत अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे तिघंच निम्म्याहून जास्त होते, आणि त्यांच्यातले पुष्कळ नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मात्र उमेद देणारं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावरचं दूध कसं पाजायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि ओळखला तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. जेंटामायसिन हे ग्राम निगेटिव्ह जंतूंवरचं जुनं औषध. १९९९ मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा जगानं पाहिलं की तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्यासारख्याच बायकांनी केलेलं काम आहे हे. आज आशाताई बाळंतपणानंतर बाळ पाहायला घरी येते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, त्या भेटींची मुळं तिथे आहेत. तिला दारातूनच “सगळं बरं आहे” म्हणून परत पाठवू नका.

बाळाच्या नाळेला काही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, राख नाही, शेण तर नाहीच नाही. कोरडी ठेवायची, ती आपोआप पडते. बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायचे, मग ते सासूबाई असोत की बारशाला आलेल्या पाहुण्या. आणि बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग गार किंवा गरम लागलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, बेंबीतून पू आला, तर तासाभराचाही विचार करू नका. हे ‘उद्या बघू’चं काम नाही.

भाजल्याचंही असंच. चुलीवर, गरम तेलानं हात भाजला की वाहत्या थंड स्वच्छ पाण्याखाली धरायचा, बराच वेळ. टूथपेस्ट, माती, शाई, बटाट्याचा कीस काहीही नको. स्वच्छ कापडानं झाकायचं आणि दाखवायचं. साखर असणाऱ्यांनी पायाची छोटी जखमसुद्धा झाकून, कोरडी ठेवून दाखवावी.

आता औषधांकडे येते, कारण वीस हजारातले बरेचसे तिथेच गेले. आजींच्या रिपोर्टवर औषधांची लांब यादी होती आणि प्रत्येकीपुढे इंग्रजी एस किंवा आर. एस म्हणजे हे औषध या जंतूवर चालतं, आर म्हणजे चालत नाही. आजींच्या यादीत आर जास्त होते. गोळी एकही चालेना, इंजेक्शनच द्यावी लागली, दहा दिवस.

असं का होतं? हे जंतू हुशार आहेत. काही जण औषधाचे तुकडे करणारा पदार्थ तयार करतात. काही आत आलेलं औषध पंप लावल्यासारखं बाहेर फेकतात. आणि वाईट म्हणजे ही युक्ती ते एकमेकांना देतात. आपल्या गटात एकीला पापडाचं चांगलं प्रमाण जमलं की आठ दिवसांत साऱ्या गावाला माहीत होतं. जंतूंचंही तसंच चालतं, एका जातीचा दुसऱ्या जातीलाही शिकवतो.

सर्दी-पडशाला आपण मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणतो. सर्दी विषाणूची, तिच्यावर ती गोळी काही करत नाही. पण आतड्यात शांत बसलेल्या ई. कोलायवर मात्र करते. कमजोर मरतात, चिवट उरतात आणि त्यांचाच पसारा वाढतो. पुढे कधीतरी नळी लागते, ऑपरेशन होतं, तेव्हा कुंपणातून आत शिरणारे हेच चिवट असतात. म्हणून पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. काही अँटिबायोटिक विकताना दुकानदारानं चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी असा नियम २०१४ पासून आहे. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या, उरलेली जावेला देऊ नका. आणि जमेल तिथे लघवीचा नमुना पहिली गोळी घ्यायच्या आधी द्या, मधल्या धारेचा, स्वच्छ बाटलीत. गोळी आधी घेतली की कल्चरमध्ये जंतू उगवतच नाही आणि मग डॉक्टरही अंदाजानं चालतात. सलाईनचंही एक सांगते. तोंडानं पाणी-पेज जात असेल तर नुसता अशक्तपणा आला म्हणून सलाईन मागून घेऊ नका. सुई हेही कुंपणाला पाडलेलं भोकच आहे. सलाईन चालू असताना थंडी वाजली तर गप्प बसू नका, लगेच सांगा.

कुक्कुटपालनवाल्या गटांसाठी : कोलिस्टिन नावाचं औषध माणसात या ग्राम निगेटिव्ह जंतूंवर शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं आहे. पूर्वी ते कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घालायचे, पिल्लं लवकर भरावीत म्हणून. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापराला बंदी घातली. खाद्य, टॉनिक घेताना लेबल वाचा, वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या. दूधवाल्या ताईंनी म्हशीला दगडीसाठी इंजेक्शन दिलं असेल तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये आणि घरातही वापरू नये.

आजी आता वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. मी गेले की “पिशवीवाली आली” म्हणतात. मावशींच्या कर्जाचे अजून सात हप्ते बाकी आहेत.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई येणार आहेत. ज्यांच्या घरी लघवीच्या, रक्ताच्या कल्चरचे जुने रिपोर्ट असतील त्यांनी ते सोबत आणावेत, समजावून घेऊ. घरात सध्या कुणाला नळी असेल तर सीआरपी ताईंकडे नाव द्या, आम्ही दोघी घरी येऊन पिशवी कशी लटकवायची ते दाखवू. तार आम्ही आणू.